दुःखाचा महिमा आणि दुःखाचा इलाज

दुःखाने माणूस शुद्ध होतो, हे वचन आपल्या कानांवर इतक्या वेळा पडते की त्याची परीक्षा घ्यावी असे सहसा कोणाला वाटत नाही. सोने अग्नीत घातल्याखेरीज उजळत नाही, चंदन झिजल्याखेरीज दरवळत नाही, हे दाखले कीर्तनकारापासून शाळकरी निबंधलेखकापर्यंत सर्वांच्या जिभेवर असतात. कुंतीने श्रीकृष्णाकडे विपत्तीचेच दान मागितले, कारण विपत्तीतच त्याचे दर्शन घडते, ही भागवतातील कथाही घरोघर सांगितली जाते. या विचारात काहीच तथ्य नाही असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि त्यात तथ्य किती आणि सोयीस्कर समजूत किती, याचा निवाडा प्रवचनाच्या मांडवात होणार नाही. जेथे दुःख विपुल आहे आणि ते हटविण्याचे प्रयत्नही जेथे दीर्घकाळ चालू आहेत अशा भूमीवरच तो होऊ शकेल. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन वनजिल्हे ही तशी भूमी आहे. १९८२ पर्यंत हे दोन्ही जिल्हे एकच होते. गेल्या पाऊणशे वर्षांत दुःखाविषयीच्या आपल्या तत्त्वज्ञानाची जेवढी कसोटी येथे लागली तेवढी अन्यत्र क्वचितच लागली असेल.

प्रथम या विचारातील तथ्य मान्य केले पाहिजे. महाराष्ट्राला त्यासाठी दूर जावे लागत नाही. सतराव्या शतकात, १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात देहूच्या तुकाराम नावाच्या वाण्याची पहिली पत्नी गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. या आघातातून जो तुकाराम बाहेर आला तो पूर्वीचा राहिला नव्हता. परंपरा सांगते की, त्याने घराण्याच्या सावकारीतील आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीच्या डोहात बुडविली. या कथेतील मर्म नीट पाहिले पाहिजे. दुष्काळात कुटुंबे उद्ध्वस्त झालेले लोक त्या काळी हजारोंनी असतील. ते सर्वच संत झाले नाहीत. कित्येक खचले, कित्येक कठोर झाले, कित्येक दुसऱ्याच्या अडचणीवर स्वतःचे घर पुन्हा उभारण्याच्या मागे लागले असतील. तुकोबांची उन्नती दुष्काळाने केली नाही. स्वतःच्या दुःखातून त्यांना ऋणकोचे दुःख दिसले आणि ते हलके करण्यासाठी त्यांनी स्वतःचा हक्क सोडला, येथे त्यांची उन्नती झाली. म्हणजे आत्मिक विकासाचे श्रेय द्यायचेच असेल तर ते दुःखाला न देता दुःखाला दिलेल्या उत्तराला दिले पाहिजे. दुःख हा फार तर प्रश्न आहे; आणि प्रश्नपत्रिका हाती पडली म्हणून कोणी उत्तीर्ण होत नाही.

कुंतीच्या कथेतही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तिने विपत्ती मागितली ती स्वतःसाठी आणि स्वतःच्या माणसांसाठी. शेजाऱ्याला विपत्ती लाभो आणि त्याचा उद्धार होवो, अशी प्रार्थना तिने केली नाही. स्वेच्छेने पत्करलेले कष्ट म्हणजे तप होय. दुसऱ्याच्या माथी बसलेल्या कष्टांना तप म्हणणे ही निव्वळ निष्ठुरता होय. आपल्या समाजात मात्र या दोहोंची सरमिसळ झाली आणि ती अजाणतेपणी झाली असेही म्हणता येत नाही. दुःखाचे माहात्म्य गाणारे आणि दुःख भोगणारे हे दोन वर्ग पुष्कळदा वेगवेगळे राहिले. संपत्तीची वाटणी जशी विषम असते तशी दुःखाचीही असते, आणि ज्याच्या वाट्याला ते कमी येते त्याला दुसऱ्याच्या दुःखात अर्थ शोधण्याची सवड अधिक मिळते. पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, ईश्वराने घेतलेली परीक्षा, प्राक्तनाचा भोग, ही सगळी स्पष्टीकरणे भोगणाऱ्याला थोडा धीर देत असतील. परंतु पाहणाऱ्याला ती त्याहून कितीतरी अधिक देतात. ती त्याची जबाबदारी माफ करून टाकतात.

कुष्ठरोगाच्या बाबतीत हे जितके उघडपणे घडले तितके दुसऱ्या कशातही घडले नसेल. या रोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ मध्येच दाखवून दिला होता. सल्फोन वर्गातील औषधे १९४० च्या दशकात उपलब्ध झाली. तरीही खेड्याबाहेर टाकलेला रुग्ण हा पापाचे फळ भोगतो आहे, या समजुतीला तडा गेला नाही. अशा काळात, १९४९ मध्ये, मुरलीधर देवीदास आमटे या वरोऱ्याच्या वकिलाने महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि गावाबाहेरच्या खडकाळ, झुडपी जमिनीवर आनंदवन उभे राहू लागले. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सोबत सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, एवढ्या भांडवलावर हा संसार सुरू झाल्याचे सर्वश्रुत आहे. त्यापूर्वीचा प्रसंग मात्र अधिक बोलका आहे. पावसात भिजत पडलेला, शेवटच्या अवस्थेतील एक कुष्ठरुग्ण पाहून बाबा आमटे प्रथम भयाने पळाले होते. ते स्वतःच हे सांगत असत. दुसऱ्याच्या वेदनेच्या दर्शनाने लागलीच करुणा उत्पन्न होते हा भाबडा समज आहे. बहुधा प्रथम किळस येते, भीती वाटते. त्या भीतीला शरण न जाता माघारी फिरणे, ही बाबांच्या जीवनातील खरी आध्यात्मिक घटना होती.

आनंदवनाने रुग्णांना काय दिले याचा विचार केल्यास दुःखनिवारणाचे शास्त्रच हाती लागते. औषध दिले, हे तर खरेच. परंतु औषध देणाऱ्या संस्था त्याआधीही होत्या. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला मनोहरजी दिवाण आणि अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धन हे काम करीतच होते. आनंदवनाने भिक्षेची सवय लागलेल्या हातांना काम दिले. विहिरी खणल्या गेल्या, जमीन फुटली, धान्य आणि भाजीपाला पिकू लागला. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर, ज्यांना समाजाने केवळ उपभोक्ते आणि तेही भिकेचे उपभोक्ते ठरविले होते, ते उत्पादक बनले. पुढे ज्या समाजाने त्यांना वेशीबाहेर काढले त्याच समाजाच्या मुलामुलींसाठी वरोऱ्यात आनंद निकेतन महाविद्यालय उभे राहिले आणि त्याच्या उभारणीत या रोगमुक्तांच्या बोटे झडलेल्या हातांचे श्रम होते. येथे घेणारा देणारा झाला. दुःख हलके होण्याची ही सर्वांत खात्रीची खूण आहे. औषधाने जंतू मरतो, परंतु आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत या जाणिवेखेरीज माणूस बरा होत नाही.

या सगळ्यात बाबांनी दुःखाचा गौरव केला काय? स्वतःच्या बाबतीत ते कमालीचे सोशिक होते. पाठीच्या कण्याच्या विकाराने त्यांना वर्षानुवर्षे बसणे अशक्य झाले होते. उभे राहून किंवा आडवे पडूनच त्यांनी आयुष्याचा मोठा काळ काढला आणि त्याच अवस्थेत १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रा नेली. परंतु स्वतःच्या वेदनेशी वागण्याचा हा नियम त्यांनी रुग्णांना लावला नाही. त्यांना सोसा म्हणून सांगितले नाही. गोळी दिली, मलमपट्टी केली, कुदळ दिली. सहनशीलता स्वतःसाठी आणि उपाययोजना दुसऱ्यासाठी, हा क्रम त्यांनी कधी उलटा केला नाही. बहुतेक उपदेशकांच्या हातून तो उलटा होतो, हीच तर अडचण आहे.

कुष्ठरोगाने दुःखाविषयीचे आणखी एक सत्य शिकविले आहे. वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९४६ पासून काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांच्या लक्षात आले की, कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने आपोआप गळून पडत नाहीत. रोगाने मज्जातंतू बधिर होतात, वेदना कळेनाशी होते. मग चटका बसला तरी हात मागे घेतला जात नाही, खडा रुतला तरी पाय उचलला जात नाही, आणि जखमांवर जखमा होऊन अवयव झिजत जातो. वेदना नसणे हीच येथे आपत्ती ठरते. म्हणजे वेदनेला मोल आहे, यात शंका नाही. मात्र ते मोल घंटेचे आहे. आग लागल्याची घंटा वाजली की माणसाने धावत जाऊन आग विझवावयाची असते. घंटेचा नाद किती मधुर आहे यावर निरूपण करीत बसावयाचे नसते. जो समाज घंटा ऐकूनही जागचा हलत नाही त्याचे काय म्हणावे? त्याला रोग्याच्या वेदनेची संवेदनाच राहिलेली नसते. बधिरता हे कुष्ठरोगाचे लक्षण मानले तर वेशीबाहेरच्या झोपडीपेक्षा वेशीच्या आतल्या वाड्यातच तो रोग अधिक पसरलेला होता, असे म्हणावे लागेल.

याच चंद्रपूर नगरीत १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी झालेला हा सोहळा पुष्कळदा दुर्लक्षित राहतो. परंतु प्रस्तुत विषयाशी त्याचा निकटचा संबंध आहे. दुःख हे ज्याच्या विचाराचे आरंभस्थान आहे असा धम्म बाबासाहेबांनी निवडला, पण दुःखाविषयीची परंपरागत मांडणी जशीच्या तशी स्वीकारली नाही. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच त्यांनी प्रश्न उपस्थित केला आहे. जन्म, जीवन आणि मरण हे सगळेच दुःख असेल तर माणसाला आशा कशाची उरते, आणि चार आर्यसत्यांची रूढ मांडणी मूळ बुद्धाची की नंतरच्या भिक्षूंची, अशी शंका ते घेतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचे दुःख कर्मविपाकाच्या नावाने समर्थनीय ठरविले गेले त्या समाजाच्या नेत्याला हा प्रश्न पडणे अपरिहार्य होते. जगात दुःख आहे, हे मान्य करणे त्यांच्या दृष्टीने पहिली पायरी होती. ते दूर करण्याचा प्रयत्न हा धर्माचा हेतू होता. दुःखाला ओळखणारा आणि तेथेच न थांबणारा धर्म, असा हा आग्रह होता.

आता वैनगंगा ओलांडून गडचिरोलीकडे वळू. येथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. त्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून जे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले ते सुन्न करणारे होते. या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. म्हणजे अंगावर दुखणे काढणे हाच तेथे नियम होता. आपल्या साहित्यात, ओव्यांत, घराघरांतील बोलण्यात स्त्रीच्या सोशिकतेचा केवढा गौरव झाला आहे! ती सोसते म्हणून घर चालते, ती बोलत नाही म्हणून ती थोर, असे मानणाऱ्या संस्कृतीला ही आकडेवारी एक साधा प्रश्न विचारते. या सोशिकतेपैकी किती भाग खरोखर मनोबलाचा होता, आणि किती भाग ऐकून घेणारे कोणीच नसल्याचा? जे दुखणे साध्या औषधाने बरे होऊ शकत होते ते सोसण्यात कोणत्या आत्म्याची उन्नती साधली? झाली असलीच तर ती न बघणाऱ्यांची सोय झाली.

दुःखाच्या उदात्तीकरणाचा याहूनही निर्णायक पराभव नवजात बालकांच्या बाबतीत होतो. जन्मानंतर दहाव्या दिवशी जंतुसंसर्गाने मरणारे मूल त्या वेदनेतून काय शिकते? त्याला परीक्षा देण्याइतके आयुष्यच मिळत नाही. गडचिरोलीच्या ज्या ३९ गावांत ‘सर्च’ने घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला तेथे १९९३ ते १९९५ या काळात दर हजार जन्मांमागे ६२ अर्भके पहिल्या महिन्यातच दगावत होती. गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांना बाळाचे वजन करणे, ऊब राखणे, श्वास कोंडल्यास तो सुरू करणे, जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविक देणे या गोष्टी शिकविण्यात आल्या. १९९७-९८ पर्यंत हे प्रमाण २५.५ वर आले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार प्रत्येक बाळामागे खर्च आला ५.३ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने दोनशे रुपयांच्या आसपास. आणि दर अठरा बाळांच्या सेवेमागे एक मृत्यू टळला. साधा गुणाकार केला तर एका जिवाची किंमत शंभर डॉलरही भरत नाही. ज्या मृत्यूंना पिढ्यान्‌पिढ्या देवाची करणी म्हटले गेले त्यांपैकी निम्म्याहून अधिक मृत्यूंचे कारण देव नव्हता. प्रशिक्षित बाईच्या हातात एक पिशवी नसणे, हे ते कारण होते. अध्यात्माने ही गोष्ट मनाला लावून घेतली पाहिजे. निवारणीय दुःखाला जो अटळ म्हणतो तो ईश्वरावर खोटा आळ घेतो.

येथे एक आक्षेप येईल. दुःख असे एकेक करून हटवीत गेलो तर माणूस केवळ सुखासीन होईल, त्याच्या आत्म्याला खोली उरणार नाही. श्रीमंत देशांतील रिकामपण आपण पाहतोच आहोत, असे कोणी म्हणेल. आक्षेप विचारार्ह आहे, पण त्यात एक भ्रम आहे. उपासमार, रोग आणि अपमान हटविल्याने जीवनातील सारे दुःख संपते, हाच तो भ्रम होय. मृत्यू, वियोग, वार्धक्य, स्वतःच्या चुकांचा पश्चात्ताप, ही दुःखे कोणत्याही दवाखान्यात बरी होत नाहीत. आत्मिक साधनेला तेवढी पुरेशी आहेत. तिच्यासाठी कुपोषण राखून ठेवण्याची गरज नाही. उलट, पोटातील भूक आणि अंगातील ताप माणसाला विचार करण्याइतकेही मोकळे ठेवत नाहीत. मोठ्या दुःखाला सामोरे जाण्याची शक्ती शिल्लक राहावी यासाठीच लहान आणि टाळता येण्याजोगी दुःखे टाळली पाहिजेत.

दुसरी एक सावधगिरीही आवश्यक आहे. दुःख विसरायला लावणारी प्रत्येक गोष्ट दुःख हलके करीत नाही. या भागात दारूने हेच काम केले. दिवसभराच्या श्रमाचा आणि अपमानाचा विसर पडावा म्हणून पुरुष पितो, आणि त्याचे दुःख रातोरात त्याच्या बायकोच्या आणि मुलांच्या अंगावर जाऊन पडते. दुःख नाहीसे होत नाही, त्याचे केवळ हस्तांतर होते. म्हणूनच दारूमुक्तीच्या चळवळीत येथील स्त्रिया मोठ्या संख्येने उतरल्या आणि १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी आली. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी किती यशस्वी होते यावर मतभेद आहेत आणि राहतील. परंतु स्वतःचे दुःख दुसऱ्याच्या खात्यावर लिहिणे म्हणजे निवारण नव्हे, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही.

मग ज्या दुःखावर खरोखरच इलाज नाही त्याचे काय? चंद्रपूरच्या जंगलालगतच्या गावांत उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले वेचायला आणि पुढे तेंदूपत्ता तोडायला पहाटे गेलेली बाई वाघाच्या हल्ल्यात परत येत नाही, असे वर्षानुवर्षे घडते आहे. शासन भरपाई देते, आणि ती दिलीच पाहिजे. जंगलावाचून पोट भरण्याचा दुसरा मार्ग, एकटीदुकटीने आत जावे लागू नये अशी व्यवस्था, वन्यजीव आणि वस्ती यांचे अंतर राखणारे नियोजन, हे सारे निवारणाच्या कक्षेत येते, आणि त्याकडे डोळेझाक करून या मृत्यूंना दैवगती म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु हे सर्व झाल्यावरही त्या घरात एक जागा रिकामी राहतेच. तेथे रक्कम अपुरी पडते, उपदेश तर त्याहून अपुरा पडतो. तेथे उपयोगी पडते ते माणसाने माणसाजवळ जाऊन बसणे. तेराव्या दिवसानंतर जेव्हा पाहुणे निघून जातात आणि वर्तमानपत्रांचे लक्ष दुसरीकडे वळते तेव्हाही कोणीतरी विचारपूस करीत राहणे. अशा वेळी दुःखात अर्थ आहे की नाही हे दुसऱ्याने सांगायचे नसते. तो ज्याचा त्याने, आपल्या वेळी, सापडला तर शोधायचा असतो. शेजाऱ्याचे काम एवढेच की, त्या शोधात त्याला एकटे पडू द्यायचे नाही.

या सर्व अनुभवांतून तीन पायऱ्या स्पष्ट दिसतात. पहिली, दुःखाचे कारण शोधणे आणि जे हटविता येते ते विनाविलंब हटविणे. दुसरी, दुःखिताला दयेचा विषय न बनविता त्याच्या हाताला काम आणि शब्दाला मान देणे. तिसरी, जे हटत नाही तेथे सोबत करणे. या तिन्ही पायऱ्या चढणाऱ्याचीही आत्मिक वाढ होते, आणि कदाचित दुःख भोगणाऱ्यापेक्षा अधिक होते. दुःखाला अध्यात्मात काही स्थान असेलच तर ते येथे आहे. ते आपल्याला दुसऱ्याच्या दारापर्यंत नेते.

अजून पुष्कळ चालायचे आहे. कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये केली. आज सहा महिने ते वर्षभराच्या विनामूल्य उपचाराने रोगी बरा होतो. परंतु कुष्ठरुग्णांना वेगळे काढणारा १८९८ चा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले, आणि घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात असलेला कुष्ठरोगाचा उल्लेख २०१९ मध्ये निघाला. जंतू वर्षात मरतो. समाजाच्या मनातील भयाला तीन पिढ्या लागतात. हे अंतर कमी करणे औषधकंपनीच्या हाती नाही, ते समाजाच्या हाती आहे. दुःखाने माणूस मोठा होतो की नाही, या वादाचा निकाल लागो वा न लागो. दुसऱ्याचे दुःख पाहून जो जागचा हलत नाही तो लहान होतो, याविषयी वरोऱ्याच्या त्या खडकाळ माळाने शंका ठेवलेली नाही.